स्पॅनिश वर्गांसाठी परदेशी शिक्षक: नोव्हेंबर ते ऑगस्ट

टेक्सासमधल्या शाळा ऑगस्टच्या मध्याला उघडतात. त्या दिवशी वर्गात परदेशातून आलेला शिक्षक उभा हवा असेल, तर काम आधीच्या नोव्हेंबरात हाती घ्यावं लागतं. इथल्या एका स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे एका भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या, मनुष्यबळ विभागात मी हेच काम बघते. मराठी मंडळी दोन बाजूंनी विचारतात. इथे शाळांत काम करणारे विचारतात, स्पेनहून माणसं आणता कशी? आणि पुण्या-नाशकात शिकवणारे विचारतात, आम्हाला येता येईल का? दोघांनाही मी एकच सांगते: आधी पदवी बघा, अनुभवाचे दिवस मोजा, मुलाखतीचं मग.

गरज कायद्यातूनच येते. इंग्रजी अजून शिकत असलेली, एकाच भाषेची, एकाच इयत्तेतली २० मुलं डिस्ट्रिक्टभरात मिळून असली, की प्राथमिक शाळेत त्या भाषेतलं द्विभाषिक शिक्षण द्यावंच लागतं. स्पॅनिशच्या बाबतीत हा आकडा चुटकीसरशी पूर्ण होतो. गणित आणि विज्ञान स्पॅनिशमध्ये शिकवू शकणारे, शिवाय राज्याचं प्रमाणपत्र असलेले शिक्षक स्थानिक पातळीवर पुरत नाहीत. मग स्पेनच्या शिक्षण मंत्रालयाची पाहुण्या शिक्षकांची योजना, किंवा मेक्सिको, कोलंबिया वगैरे देशांतून शिक्षक आणणाऱ्या खासगी प्रायोजक संस्था, हे दोन रस्ते उरतात. स्पेनच्या योजनेत छाननी मंत्रालय करतं आणि मुलाखती आपण घ्यायच्या असतात, त्यामुळे उमेदवारांची गुणवत्ता बरीच एकसारखी असते. पण वेळापत्रक त्यांचं. ते चुकलं तर वर्ष गेलं.

व्हिसा जवळजवळ नेहमी जे-१, म्हणजे सांस्कृतिक देवाणघेवाणीचा, त्यातला 'शिक्षक' हा प्रकार. एच-१बी, म्हणजे कुशल नोकरदारांचा व्हिसा, का नाही, हे मुख्याध्यापक दरवर्षी विचारतात. मार्चची सोडत, १ ऑक्टोबरपासून काम, आणि शाळा ऑगस्टात, हे गणितच जुळत नाही. त्यात सप्टेंबर २०२५ पासून परदेशातून येणाऱ्या नव्या एच-१बी अर्जावर १,००,००० डॉलरचा भार आला. सरकारी शाळेच्या अंदाजपत्रकात तो बसणं शक्य नाही.

जे-१ साठी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने मान्यता दिलेली प्रायोजक संस्था लागते. कुठे ती राज्याचं शिक्षण खातं असतं, कुठे एखादा मोठा डिस्ट्रिक्ट, कुठे खासगी संस्था. नियम मोजके पण कडक आहेत. उमेदवार मायदेशात त्या स्तरावर शिकवायला पात्र हवा, अर्ज करताना तिथे शिक्षक म्हणून कामावर हवा (नुकतीच वरची पदवी संपवलेल्यांना वेगळी वाट आहे), अमेरिकन बॅचलर्सच्या तोडीची पदवी हवी, निदान दोन वर्षांचा अनुभव हवा, आणि इंग्रजी पुरेसं हवं. इथली नोकरीही पूर्ण वेळ, म्हणजे आठवड्याला किमान ३२ तास. भारतातून विचारणाऱ्यांचं घोडं बहुधा 'कामावर हवा' इथेच अडतं. अमेरिकेची तयारी करायची म्हणून वर्षभरापूर्वी शाळा सोडलेली असते. सोडू नका. राजीनामा व्हिसा हातात आल्यावर.

आता पदवी. स्पेनमध्ये सध्याची प्राथमिक शिक्षकाची पदवी, ग्रादो, चार वर्षांची, २४० क्रेडिटची. तिची काही अडचण नाही. पण चाळिशीच्या पुढचे बरेच अनुभवी शिक्षक जुन्या तीन वर्षांच्या दिप्लोमातुरावाले असतात. एक मूल्यांकन संस्था तिला बॅचलर्सच्या बरोबरीची म्हणते, दुसरी 'तीन वर्षांचं महाविद्यालयीन शिक्षण' एवढंच लिहून देते. आपल्याकडच्या तीन वर्षांच्या बी.ए.चं हेच होतं. तिथे सोबत बी.एड. जोडलं की बहुतेक वेळा निभावतं, मात्र दोन्हींच्या गुणपत्रिका एकाच अर्जात गेल्या पाहिजेत. कोलंबियाचा नोर्मालिस्ता सुपेरिओर हा आपल्या जुन्या डी.एड.सारखा प्रकार. माणूस वर्गात कितीही तरबेज असला तरी त्या एका कागदावर येऊ शकत नाही, लिसेंसियातुरा, म्हणजे विद्यापीठाची पूर्ण पदवी, लागते. म्हणून मी मुलाखतीची वेळ देण्याआधी पदवी आणि गुणपत्रिकांची प्रत मागवते, आणि मूल्यांकन फक्त राज्याच्या मान्य यादीतल्या संस्थेकडून करून घेते. एका वर्षी घाईत यादीबाहेरचा अहवाल चालवून घेतला. प्रमाणपत्राच्या टप्प्यावर तो परत आला, आणि सहा आठवडे व दुसरी फी गेली.

अनुभवाच्या बाबतीत स्पॅनिश सरकारी शाळांचं एक मोठं सुख आहे: ओहा दे सेर्विसियोस, म्हणजे नोकरीचा अधिकृत दाखला. प्रत्येक नेमणूक, तारखा, आणि शेवटी एकूण वर्षं, महिने, दिवस. पण हंगामी शिक्षक, ज्यांना तिथे इंतेरिनो म्हणतात, ते दोन महिने इथे, पाच महिने तिथे असे फिरलेले असतात, त्यातल्या काही नेमणुका अर्धवेळ. 'चार वर्षं शिकवतोय' म्हणणाऱ्याचे पूर्ण वेळेचे दिवस मोजले तर वर्ष-दीड वर्षच भरतं. अर्धवेळेची नोंद कधी त्या कागदावर असते, कधी नेमणूकपत्रात शोधावी लागते. खासगी शाळांतून आलेल्यांकडून मी सामाजिक सुरक्षेचा उतारा, विदा लाबोराल, आणि शाळेचं पत्र असं दोन्ही घेते. उताऱ्यात फक्त मालकाचं नाव आणि दिवस असतात, माणूस शिकवत होता की ऑफिसात होता हे कळत नाही.

मुलाखत व्हिडिओवर तीस-चाळीस मिनिटं. त्यातली दहा मिनिटं नमुना पाठ, अर्धा स्पॅनिशमध्ये, अर्धा इंग्रजीत, विषय गणिताचा. भाषेचा पाठ सगळेच छान घेतात, अपूर्णांक समजावताना खरं दिसतं. मग वर्ग सांभाळण्याचे प्रश्न. इथे चौथीपर्यंत वर्गात २२ मुलांची मर्यादा आहे, हे ऐकून उमेदवार सुखावतात. पण त्याच २२ मुलांना बहुतेक सगळे विषय एकट्याने शिकवायचे, शिवाय विशेष गरजा असलेल्या मुलांच्या बैठका आणि नोंदी, हे आधीच स्पष्ट सांगते. न सांगितलेलं ऑक्टोबरात अंगाशी येतं.

निवड झाली की नियुक्तीपत्र. त्यात शाळेचं नाव आणि पत्ता, इयत्ता, कालावधी, पगार, कपाती आणि विम्याचा हप्ता, सगळं लिहायचं. 'डिस्ट्रिक्टमधली कोणतीही शाळा' असं लिहून चालत नाही. नंतर शाळा बदलायची तर प्रायोजकाला आधी कळवावं लागतं. पगार स्थानिक शिक्षकाच्या तक्त्याप्रमाणेच, परदेशातला अनुभव धरून. पत्रावर सही झाली की प्रायोजक डीएस-२०१९, म्हणजे जे-१ साठीचं पात्रतेचं प्रमाणपत्र, देतो. माझी अंतिम तारीख १५ मे. त्यानंतर उमेदवाराने सेव्हिसचे (परदेशी विद्यार्थी आणि पाहुण्यांची सरकारी नोंदयंत्रणा) २२० डॉलर आणि व्हिसाचे १८५ डॉलर भरायचे, डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज भरायचा, वकिलातीची वेळ घ्यायची.

२०२५ साली मेच्या अखेरीस जे-१ व्हिसाच्या नव्या वेळा देणं थांबलं आणि जूनच्या मध्यानंतर सुरू झालं, तेही समाजमाध्यमांची खाती सार्वजनिक ठेवण्याच्या अटीसह. तेव्हापासून मेमध्येच वेळ घेऊन ठेवा असं मी सांगते, आणि प्रत्येक जागेसाठी शाळेचे पहिले तीन आठवडे सांभाळणारा बदली शिक्षक आधीच ठरवून ठेवते. दुसऱ्या देशात फिरायला गेलेल्याने तिथूनच व्हिसा काढायचा, हा जुना शॉर्टकटही आता धरू नये. आपल्या देशातून किंवा राहत्या देशातूनच अर्ज करावा.

नावाचा घोळ मात्र आम्हा मराठी लोकांना लगेच कळेल असा. स्पॅनिश माणसाची आडनावं दोन, पहिलं बापाचं, दुसरं आईचं. इथली पगाराची यंत्रणा शेवटचा शब्द आडनाव धरते आणि पहिलं आडनाव मधल्या नावाच्या रकान्यात टाकते. जसं आपल्या पासपोर्टात वडिलांचं नाव पहिल्या नावाला चिकटलेलं असतं आणि प्रत्येक कार्यालय ते वेगळीकडे तोडतं. पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात, त्यात जसं आहे तसंच डीएस-२०१९ वर, तसंच सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्तिवेतन योजना, तिचाच क्रमांक इथे ओळख क्रमांक) कार्डावर, तसंच पगारपत्रकात. एकीकडे हायफन आणि दुसरीकडे नाही, एवढ्यानेही नोकरीच्या पात्रतेची ऑनलाइन तपासणी अडकते.

कार्यक्रम सुरू होण्याच्या तारखेआधी ३० दिवसांपर्यंत देशात येता येतं. मी जुलैच्या शेवटच्या आठवड्याची तिकिटं काढायला सांगते. उतरल्यावर क्रम असा: प्रायोजकाला पत्ता कळवून सेव्हिसमध्ये नोंद सक्रिय करून घ्यायची, साधारण दहा दिवस थांबून सोशल सिक्युरिटीचा अर्ज करायचा, दरम्यान बोटांचे ठसे आणि बँक खातं. नोंद सक्रिय व्हायच्या आधी सोशल सिक्युरिटीच्या कार्यालयात गेलं तर हेलपाटा. घरमालक क्रेडिटचा इतिहास मागतो, तो नसतोच. तिथे नियुक्तीपत्र आणि जास्त अनामत चालते. पहिला पूर्ण पगार सप्टेंबरात पडतो, म्हणून निदान ४,००० डॉलर बरोबर आणा म्हणते. गाडी वेगळी, आणि आमच्या भागात गाडीवाचून गत्यंतर नाही.

विम्यात फट राहते. नियमाप्रमाणे प्रत्येक आजारपणाला किंवा अपघाताला १,००,००० डॉलरचं संरक्षण, रुग्णाला मायदेशी हलवण्यासाठी ५०,०००, मृतदेह नेण्यासाठी २५,०००, आणि स्वतः भरायची रक्कम ५०० च्या आत. डिस्ट्रिक्टच्या गटविम्यात मधल्या दोन गोष्टी बहुधा नसतात, शिवाय तो रुजू झाल्यानंतरच्या महिन्यापासून लागू होतो. उतरल्यापासून तोवरचा पूरक विमा घ्यावाच लागतो, बरोबर आलेल्या जोडीदाराचा आणि मुलांचाही.

करांत एकच गोष्ट नीट सांभाळायची. जे-१ शिक्षक सहसा पहिली दोन कॅलेंडर वर्षं करासाठी अनिवासी असतो, तेव्हा सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरची (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा) कपात होत नाही. कॅलेंडर वर्षं, बारा-बारा महिने नव्हेत. जुलै २०२५ मध्ये आलेल्याची ती दोन वर्षं डिसेंबर २०२६ ला संपतात. पगार विभाग सवयीने पहिल्या महिन्यापासून मेडिकेअर कापतो, म्हणून पहिली पगारचिठ्ठी मी स्वतः बघते. उत्पन्न नसलं तरी फॉर्म ८८४३, म्हणजे करासाठी आपले इथले दिवस का धरू नयेत हे सांगणारा कागद, भरायचा, हे जोडीदाराला कुणी सांगतच नाही.

वर्गात गेल्यावर भाषेचेच धक्के बसतात, तेही स्पॅनिशचे. स्पेनची शिक्षिका मुलांना वोसोत्रोस ('तुम्ही सगळे') म्हणते, मेक्सिकन घरातल्या मुलाने ते कधी ऐकलेलं नसतं. कोहेर हे स्पेनमध्ये 'घेणं', मेक्सिकोत चारचौघांत न बोलण्याचं. दशांशाला स्पेनमध्ये स्वल्पविराम आणि हजाराला टिंब, इथे उलटं. तिसरीच्या वहीत हे दोन आठवडे गोंधळ घालतं. भागाकाराची मांडणीही वेगळी. ग्वातेमालाहून आलेल्या काही घरांत तर माम किंवा किचे या माया भाषा बोलतात, त्या मुलांची स्पॅनिश हीसुद्धा दुसरीच भाषा. सुरुवातीच्या प्रशिक्षणातला एक आख्खा दिवस मी यासाठीच ठेवते, आणि तो कापायला कुणी आलं तर भांडते.

मूळ मुदत तीन वर्षांची, वाढ एक किंवा दोन वर्षांची, आणि वाढीचा अर्ज प्रायोजकाने निदान तीन महिने आधी द्यायचा. त्यासाठी दर वर्षी दोन सांस्कृतिक उपक्रम झाल्याच्या नोंदी लागतात, एक शाळेत किंवा गावात, दुसरा परदेशातल्या शाळेशी संवादाचा. कार्यक्रम संपवून गेलेल्याला पुन्हा शिक्षक म्हणून यायचं तर आधी दोन वर्षं अमेरिकेबाहेर काढावी लागतात. मायदेशी दोन वर्षं राहण्याची दुसरी अट याहून वेगळी. ती सरकारी पैशाने आलेल्यांना आणि कौशल्य-यादीतल्या (ज्या देशांना आपली ती कौशल्यं परत हवी आहेत, त्यांची अमेरिकेने केलेली यादी) देशांच्या लोकांना लागू होते. डिसेंबर २०२४ मध्ये त्या यादीतून भारत आणि कोलंबिया दोन्ही वगळले गेले. तिसऱ्या वर्षाच्या ऑक्टोबरात मी प्रत्येकाला 'राहणार की जाणार' हे लेखी विचारते. जे जाणार, त्यांच्या जागा नोव्हेंबरच्या तक्त्यात सगळ्यात वर लिहिते.