गच्चीवरचा पॉइंट

२०२३ साली अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आले, २८ सप्टेंबरला. राज्यात अनेक ठिकाणी मुस्लीम समाजाने आपणहून जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचं ठरवलं, आमच्या तालुक्याच्या गावीही. त्या समजूतदारपणाने पोलिसांचं अर्धं ओझं उतरलं. तरी विसर्जन मिरवणूक मशिदीवरूनच जाणार होती आणि त्या पट्ट्याचा बंदोबस्त माझ्याकडे होता.

लोकांना दिसतात त्या ढाली, लाठ्या, अश्रुधुराची नळकांडी. खरं काम त्याआधी होतं. शांतता समितीच्या बैठका, जुन्या गुन्ह्यांतल्या पोरांना गडबड करू नका अशी ताकीद देणाऱ्या, फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलम १४९ च्या नोटिसा, राज्य राखीव दलासोबत संचलन. मार्ग पायी पाहताना मशिदीशेजारी गटारकामाची खडी आणि फुटक्या विटांचा ढीग दिसला. नगरपालिकेला पत्र दिलं, फोन केले, आणि आदल्या संध्याकाळी स्वतः उभा राहून तो ट्रॉलीत भरून घेतला. डोकं फिरलेला माणूस हाताला लागेल ते फेकतो. हाताला काही लागताच कामा नये.

समोरच्या गच्चीवर मी बीट हवालदाराला बसवलं. बाहेरून आलेल्या जवानाला तिथून नुसती गर्दी दिसली असती, याला त्या गल्लीतली घरं माहीत होती.

रात्री मोठ्या मंडळाची गाडी मशिदीसमोर आली आणि वरून काहीतरी पोरांच्या मधोमध आदळलं. ‘दगड आला!’ कुणीतरी ओरडलं. ढोल थांबले, सगळी तोंडं वर वळली, मागून रेटा आला. बोळात दंगल नियंत्रण पथक तयार होतं. मी हाताने त्यांना तिथेच थांबवलं. त्या क्षणी ढाली पुढे आल्या असत्या, तर दगडच पडला असं गर्दीने पक्कं धरलं असतं.

तेवढ्यात वॉकीटॉकीवर हवालदार बोलला, “साहेब, पाण्याची बाटली आहे. दुसरा मजला. बारकं पोरगं आहे, आई आत ओढतीये त्याला.”

हे मी स्वतः जाहीर केलं नाही. पोलिसांनी सांगितलं की लोकांना सारवासारव वाटते. मंडळाच्या अध्यक्षाला सांगितलं, त्याने पायाशी पडलेली चेपलेली बाटली उचलून डोक्यावर धरली आणि मंडळाच्याच माइकवर ओरडला, “बाटली आहे रे! लेकराच्या हातून सुटली. वाजवा!” मशिदीचे विश्वस्त तोवर स्वयंसेवक घेऊन पायरीवर साखळी करून उभे होते. अध्यक्ष आणि विश्वस्त शांतता समितीच्या बैठकांना शेजारी बसलेले, एकमेकांना नावाने ओळखणारे. ढोल पुन्हा सुरू झाले.

पण फोन आमच्याहून वेगाने धावले. बाजारपेठेतल्या मंडळात ‘दगडफेक’ पोचली आणि पोरांचा एक घोळका पळत आला. बॅरिकेडवर अडवून त्यांच्यातल्याच दोघांना आत सोडलं, बघून या म्हटलं. परत जाऊन बाकीच्यांना त्यांनीच सांगितलं.

मला या कामात भिवंडी आठवते. १९७० आणि १९८४ च्या दंगलींत होरपळलेलं ते गाव १९९२-९३ ला मुंबई पेटलेली असताना शांत राहिलं. १९८८ पासून तिथे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या, म्हणजे दोन्ही समाजांतले लोक आणि पोलीस यांना एकत्र बसवणाऱ्या वस्तीतल्या समित्या, उभ्या केल्या होत्या. बंदुका वाढवून ते झालं नव्हतं. तरी आजही जादा कुमक मागितली की मिळते, आणि गल्ली ओळखणाऱ्या हवालदाराची मात्र ऐन सणाच्या तोंडावर बदली होते. याची मला चीड येते.

२९ तारखेला जुलूस त्याच रस्त्याने निघाला. बंदोबस्त वाटताना पहिलं नाव मी गच्चीवरच्या पॉइंटचं लिहिलं, त्याच हवालदाराचं.