तुम्ही विचारलंत म्हणून : स्वीट पीला फूल का येत नाही?

जानेवारीत सकाळी आमच्या फाटकापाशी माणसं थांबतात. आधी वास येतो, मग नजर जाळीवरच्या स्वीट पीच्या फुलांकडे जाते, आणि मग प्रश्न येतो. गेली बारा-तेरा वर्षं तो तोच आहे: "आम्हीही लावली होती हो. वेल छातीएवढी वाढली, पण फूल काही धरलं नाही. तुमच्याकडे कशी येतात?" जिन्यात, भाजीच्या रांगेत, एकदा तर लग्नाच्या पंगतीत मला हे विचारलंय. अशा वेळी "ऑक्टोबरात लावा" एवढं सांगून मी मोकळी होते. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. म्हणून आज बैठक मारून सांगते.

पहिली दोन वर्षं माझ्याकडेही फूल आलं नव्हतं. भाची इंग्लंडला असते. तिच्या परसात जूनमध्ये पाहिलेल्या फुलांचं मला वेड लागलं होतं, म्हणून तिनं येताना बियांची पाकिटं आणली. मोठ्या, चुणीदार पाकळ्यांची स्पेन्सर जात होती. कोथरूडच्या आमच्या पंधरा फुटी अंगणात मी ती दसऱ्याला पेरली. डिसेंबरात वेली जाळीच्या टोकाला पोचल्या. संक्रांत झाली, तरी कळी नाही. खत कमी पडलं असेल म्हणून आणखी शेणखत घातलं, तर पानं आणखी काळीभोर हिरवी झाली. मार्च निम्मा सरल्यावर पहिल्या कळ्या दिसल्या, आणि एप्रिलच्या उन्हात आठवड्याभरात सगळी वेल वाळून कोळ झाली. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. मला वाटलं, पुण्याची हवाच हिला सोसत नाही.

चूक हवेची नव्हती, बियाण्याची होती. स्वीट पी कधी फुलणार हे थंडीइतकंच दिवसाच्या लांबीवरही ठरतं. स्पेन्सर जातीला कळी धरायला साधारण बारा तासांहून मोठा दिवस लागतो. इंग्लंडात उन्हाळ्यातला दिवस सोळा तासांचा, त्यामुळे तिथं अडचण येत नाही. पुण्यात डिसेंबरातला दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो आणि बारा तास भरतात ते मार्चच्या मध्याला, म्हणजे ऊन तापायला लागल्यावर. आपल्याला हव्यात त्या लवकर फुलणाऱ्या, दहा-अकरा तासांच्या दिवसातही कळी धरणाऱ्या जाती. पाकिटावर 'अर्ली' किंवा 'विंटर फ्लॉवरिंग' असं लिहिलेलं असतं. विंटर एलिगन्स, कथबर्टसन ही नावं लक्षात ठेवा. नुसतं 'स्वीट पी मिक्स' लिहिलेलं पाकीट घेऊ नका. त्यात काय आहे ते मार्चपर्यंत कळत नाही, आणि तोवर वर्ष गेलेलं असतं.

मुळात ही वेल इटलीजवळच्या सिसिली बेटावरची. १६९९ साली तिथल्या फ्रान्चेस्को कुपानी नावाच्या मठवासीयानं तिचं बी इंग्लंडला पाठवलं, आणि त्या लहानशा जांभळ्या-किरमिजी फुलापासून पुढं सगळे रंग निघाले. सिसिलीत पाऊस शरदात आणि हिवाळ्यात पडतो. बी तेव्हा उगवतं, वेल वसंतात फुलते आणि कडक उन्हाळा येण्याआधी बी टाकून संपते. हे वाचलं तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजाडलं. आपल्याकडे परतीचा पाऊस आणि होळी यांच्यामध्ये जी थंडी असते, तेवढंच हिचं आयुष्य. त्यातला एक आठवडाही वाया घालवायला आपल्याकडे नाही.

म्हणून मी घटस्थापनेच्या सुमारास पेरते. घटात धान्य घातलं की त्याच दुपारी हेही बी मातीत. पाऊस रेंगाळला असेल तर थांबत नाही, पत्र्याखाली दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत पेरते. पिशवी उभी आणि खोल असते, आणि हिला सोटमूळ असल्यामुळे तेच हवं. खाली दोन भोकं, आत माती आणि गांडूळखत, बी इंचभर खोल. बियांचं साल टणक असतं. डोळ्याची बाजू सोडून दुसऱ्या बाजूला पॉलिश पेपरवर एकदा घासायचं आणि रात्रभर पाण्यात ठेवायचं. जे फुगतं ते पेरायचं, जे फुगत नाही ते पुन्हा घासायचं. आठ-दहा दिवसांत कोंब वर येतो. उंदरांना हे बी फार आवडतं, तेव्हा पिशव्यांवर जाळी टाका. एका वर्षी एका रात्रीत माझ्या चाळीसच्या चाळीस पिशव्या उकरलेल्या मिळाल्या होत्या.

पानांच्या तीन जोड्या झाल्या की शेंडा खुडायचा. हात धजत नाही, मला माहीत आहे. पण खुडलं नाही तर एकच काडी सरळ वर जाते, आणि खुडलं की बुडातून तीन-चार फुटवे येतात. दिवाळीच्या आसपास पिशवी कापून, मुळाला धक्का न लावता, रोपं वाफ्यात वीतभर अंतरावर लावते. वाफा दीड फूट खणलेला हवा, आणि शेणखत खाली, मुळं पुढं पोचतील तिथं. नत्राचं खत वरून देऊ नका. ही शेंगवर्गातली वेल, मुळांवरच्या गाठींतून स्वतःपुरतं नत्र तीच मिळवते. वरून दिलं की नुसता पाला माजतो. मी राख घालते, बाकी काही नाही. बुडाशी पालापाचोळ्याचं जाड आच्छादन मात्र हवंच. मुळं गार आणि माथा उन्हात, अशी हिला जागा लागते. गच्चीवर काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत मुळं उकडून निघतात. तिथंच लावायची असेल तर कुंडीला ओलं पोतं गुंडाळा.

कळ्या पिवळ्या पडून गळायला लागल्या तरी घाबरू नका. आभाळ आलं, किंवा पाणी जास्त झालं, की असं होतं. हात आखडता घ्या, चार दिवसांत थांबतं. मावा दिसला तर साबणाचं पाणी. फेब्रुवारीअखेर पानांवर पांढरी भुरी येतेच, तिच्याशी मी भांडत नाही.

कोकणात आणि मुंबईकडे अवघड आहे, हे खरं सांगते. रात्री गार व्हायला हव्यात. डोंबिवलीला बहिणीनं दोनदा लावून पाहिली, कळ्या गळून गेल्या. नाशिक, पाचगणी, महाबळेश्वरकडे मात्र माझ्यापेक्षा चांगली येईल.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते. फुलं आल्यावर लोक तोडत नाहीत. इतक्या महिन्यांनी आलेलं फूल वेलीवरच राहू दे, असं वाटतं. तिथंच सगळं हातचं जातं. वेलीचं सगळं चाललेलं असतं ते बियांसाठी. चार शेंगा भरल्या की नव्या कळ्या थांबतात. मी एक दिवसाआड, ऊन चढायच्या आत, प्रत्येक दांडा कापते; दोन फुलं उमललेली आणि वरची कळी मिटलेली असते तेव्हा. चुकून राहिलेली शेंग दिसली की तीही काढते. अशानं जानेवारीच्या सुरुवातीपासून मार्चपर्यंत फुलं मिळतात. फुलं नीट आली त्या पहिल्या वर्षी सासूबाईंनी विचारलं होतं, "हे विलायती फूल देवाला चालतं का गं?" दुसऱ्या आठवड्यात त्यांनी स्वतःच पितळी फुलपात्रात पाणी भरून ते देव्हाऱ्याजवळ आणून ठेवलं. त्या गेल्या त्या वर्षी माघात अंगण फुललेलं होतं. त्यांच्या फोटोजवळ रोज ताजी जुडी असायची.

नाव ऐकून फसू नका. शेंगा मटारासारख्या दिसतात, जरा लवदार असतात, पण बी विषारी आहे, अजिबात खायचं नाही. विदर्भातल्या लाखोळीची, म्हणजे लाखेच्या डाळीची, ही सख्खी भावकी. घरात लहान मूल असेल तर शेंग वेलीवर राहूच देऊ नका.

मी मात्र फाटकाजवळची एक वेल बियांसाठी सोडते, तिच्याभोवती जाळी बांधून. या फुलाचं परागीकरण कळी मिटलेली असतानाच आतल्या आत होतं, त्यामुळे शेजारी दहा रंग असले तरी बी सहसा त्याच रंगाचं निघतं. दर वर्षी सगळ्यांत आधी फुलणारी वेल मी यासाठी निवडते. गडद जांभळी आहे, वास तिला सगळ्यांत जास्त. शेंगा तपकिरी झाल्या की तडकण्याआधी काढून कागदी पाकिटांत भरते. वेली बुडाशी कापते, मुळं मातीतच ठेवते, आणि त्याच वाफ्यात मिरच्या लावते.

या वर्षी एकोणीस पाकिटं झाली आहेत. फाटकापाशी विचारणाऱ्यांपैकी कुणाला हवं असेल तर पितृपक्षात येऊन घेऊन जा. प्रत्येकात पंधरा बिया आहेत.