जुनं सोनं मोडताना टक्केवारी कशी तपासायची – माझा अनुभव

आईच्या जुन्या पाटल्या मोडून वहिनीसाठी मंगळसूत्र घेतलं, दादरला. त्या काउंटरवर जे झालं त्याचा राग अजून गेलेला नाही म्हणून लिहितेय.

डिझाइन वगैरे पटकन पसंत पडलं. अडलं ते पाटल्यांच्या भावावर. जुन्या असल्यामुळे हॉलमार्क नाही, मग मशीनवर टंच काढला, तो आला 85. म्हणजे 100 ग्रॅममध्ये 85 ग्रॅम शुद्ध सोनं, इथपर्यंत ठीक. पण सेल्समनने 22 कॅरेटचा भाव घेतला आणि त्याचे 85 टक्के धरले! अहो 22 कॅरेट म्हणजेच 91.6 टक्के शुद्ध, त्या भावात हीण आधीच वजा झालेलं असतं, त्यावर परत 85 टक्के लावले की तुमचे पैसे दोनदा कापले जातात. सोपे आकडे घ्या, 24 कॅरेट 10 ग्रॅमला 1 लाख. बरोबर हिशोब 85,000. त्यांचा हिशोब 91,600 चे 85 टक्के, म्हणजे 77,860. दहा ग्रॅममागे 7,140 रुपये गेले. मोबाइलवर करून दाखवलं तर म्हणे मॅडम सिस्टीममध्ये असंच येतं. मॅनेजर जेवायला गेलेले, आले ते दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे, आई म्हणतेय जाऊ दे गं चल, पण का जाऊ दे, बाबांच्या बोनसमधून केलेल्या पाटल्या आहेत त्या! शेवटी मॅनेजरना म्हटलं, 22 चाच भाव लावायचाय ना, मग आधी 85 ला 91.6 ने भागा. त्यांनी स्वतः कॅल्क्युलेटरवर केलं, जवळजवळ 92.8 टक्के आले, आणि काही न बोलता आकडा बदलला. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

हां, वितळवायची घट म्हणून वेगळे टक्के कापणार का ते टंच काढायच्या आधीच विचारा.

मजुरीचं पण सांगते. "मजुरीवर 25 टक्के सूट" ही सूट फक्त मजुरीवर असते, दागिन्यावर नाही. 1 लाखाच्या सोन्यावर 16 टक्के मजुरी म्हणजे 16,000, सूट 4,000, राहिले 12,000. वर 3 टक्के जीएसटी धरून 1,15,360. आणि बाजूचा दुकानदार सूट न देता 11 टक्केच मजुरी घेत असेल तर तिथे 1,14,330. म्हणून बोर्ड बघू नका, शेवटची रक्कम विचारा.

तोंडी हिशोबाला मी आकडे उलटे करते, 50 हजारांचे 16 टक्के म्हणजेच 16 हजारांचे 50 टक्के, 8 हजार, झालं. जीएसटीला दोन शून्यं उडवून तिनाने गुणायचं.

आणि मंगळसूत्र घेताना काळ्या मण्यांचं वजन वजा केलंय ना ते बिलावर बघा, नाहीतर मणी सोन्याच्या भावाने पडतील आणि त्यावर मजुरीचे टक्केही लागतील.