गोबेरची वही: चौथा हप्ता

मागचा हप्ता लिहिला तेव्हा गोबेर फार महाग पडला हे माझं मत पक्कं होतं आणि वही अर्धी कोरी होती. आता दुसरी दोनशेपानी वही चालू आहे, आणि मताबद्दल न बोललेलं बरं.

नव्या मंडळींसाठी दोन ओळी. बॉल कुठेही असो, सामनाभर रूडी गोबेर या एकाच माणसाकडे बघत बसायचं, एवढाच हा छंद. एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधल्या मिनेसोटा टिंबरवूल्व्जचा हा सात फूट एक इंची फ्रेंच सेंटर, म्हणजे रिंग राखणारा उंच गडी. जुलै २०२२ मध्ये त्याला युटा जॅझकडून आणताना मिनेसोटानं काय काय दिलं ते एका दमात म्हणून दाखवण्याची पैज आमच्या घरात लागते: बीझली, बेव्हर्ली, व्हँडरबिल्ट, बोल्मारो, नुकताच निवडलेला वॉकर केसलर, २०२३, २०२५, २०२७ आणि २०२९ सालच्या नवोदित खेळाडू निवडण्याच्या (ड्राफ्टच्या) पहिल्या फेरीतल्या चार निवडी, वर २०२६ सालच्या निवडीच्या अदलाबदलीचा हक्क. त्या दिवशी मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं: चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

माझा मावसभाऊ मिनियापोलिसच्या उपनगरात राहतो. त्याला हे वाक्य अजिबात आवडलं नाही. त्याची बाजूही समजून घ्यायला हवी. २००४ मध्ये हा संघ कॉन्फरन्सच्या (लीगच्या दोन गटांपैकी एकाच्या) अंतिम फेरीत पोचला आणि त्यानंतर प्लेऑफची, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेरीची, एक मालिका जिंकायला २०२४ उजाडावं लागलं. मधल्या वर्षांत, म्हणजे गोबेर येईपर्यंत, प्लेऑफ गाठली तीच मुळी दोनदा, २०१८ आणि २०२२ ला. वीस वर्षं थंडीत कुडकुडत टार्गेट सेंटरला, संघाच्या घरच्या मैदानात, गेलेल्या माणसाशी मसाल्याच्या भावाची चर्चा करू नये. पण मी केली, आणि त्यातून ही वही भरू लागली.

पावसाळ्यात मिनेसोटाचे नवे सामने नव्हते, म्हणून जून ते सप्टेंबर २०२५ मी जुनेच सामने पुन्हा काढून बसलो. हा हप्ता त्याचा.

आधी पद्धतीतला बदल सांगतो, कारण तुमच्यापैकी तिघांनी विचारलंय. पूर्वी माझे चार रकाने होते: ब्लॉक (हातानं अडवलेला शॉट), रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा पकडलेला बॉल), बास्केट, चूक. हे चारही आकडे कुठेही फुकट मिळतात, तेव्हा वही कशाला? आता मुख्य रकाना एकच आहे, त्याचं नाव ‘माघार’. समोरचा खेळाडू बॉल घेऊन पेंटमध्ये, म्हणजे रिंगखालच्या रंगवलेल्या चौकोनात, शिरला, गोबेर दिसला, आणि शॉट न मारता बॉल बाहेर फेकला किंवा ड्रिबल करत परत गेला, की एक काडी. अधिकृत तक्त्यात या काडीला जागा नाही, कारण तिथे झालेल्या गोष्टींची नोंद होते. न झालेल्या शॉटची नोंद कोण ठेवणार?

अडचणी भरपूर. कॅमेरा बॉलच्या मागे धावतो आणि गोबेर पाहिजे तेव्हाच चौकटीबाहेर असतो. डंकचा रिप्ले दाखवतात त्यात पुढच्या चढाईची पहिली चार सेकंदं खाऊन टाकतात. आणि सगळ्यात मोठी अडचण मी स्वतः. सामना कोण जिंकलं हे माहीत असलं की माझी पेन्सिल त्या बाजूला झुकते.

त्यावर उपाय म्हणून भाच्याला बसवलं. तो कॉलेजच्या संघात सेंटरच खेळतो. त्याची वही वेगळी, माझी वेगळी, सामना संपल्यावर ताळा. पहिल्याच दिवशी भांडण.

‘मामा, ही माघार नाही. तो पास आधीच ठरलेला होता.’

‘तुला काय माहीत?’

‘त्याची मान बघ ना. पेंटमध्ये यायच्या आधीच कोपऱ्यात बघतोय. गोबेर नसता तरी त्यानं पासच दिला असता.’

पुन्हा मागे घेऊन पाहिलं. मान खरंच कोपऱ्याकडे होती. तेव्हापासून नियम असा: नजर आधी रिंगकडे गेली असेल तरच काडी. माझ्या जुन्या वहीतल्या बऱ्याच काड्या यात बाद झाल्या. तुम्ही ‘माघार’ मोजत असाल तर हा नियम पहिल्या दिवसापासून लावा, मागाहून फार जड जातं.

त्यानंच मला पाय बघायला शिकवलं. एनबीएमध्ये बचाव करणाऱ्याला, समोर हाताच्या अंतरावर माणूस नसेल तर, पेंटमध्ये सलग तीन सेकंदांपेक्षा जास्त उभं राहता येत नाही. त्यामुळे गोबेर सतत एक पाऊल बाहेर टाकतो, परत आत येतो, पुन्हा बाहेर. बॉल दुसऱ्या टोकाला असताना नुसते पाय बघा. कुणीतरी उंबरठ्यावर उभं राहून ‘येऊ की जाऊ’ करतंय असं वाटतं. हे तीन वर्षांत माझ्या एकदाही लक्षात आलं नव्हतं, याची थोडी लाज वाटली.

आता सामने.

डेन्व्हरविरुद्ध २०२४ ची मालिका पूर्ण काढली, सातही सामने. यातला दुसरा सामना हे माझं जुनं हत्यार. मुलाच्या जन्मासाठी गोबेर त्या दिवशी संघासोबत नव्हता, आणि त्याच्याशिवाय मिनेसोटानं गतविजेत्यांना त्यांच्याच घरी १०६-८० असं धुतलं. दुसऱ्या दिवशी त्याला वर्षातला सर्वोत्तम बचावपटू हा किताब चौथ्यांदा जाहीर झाला. हा विनोद मी मावसभावाला किती वेळा ऐकवलाय याची मोजदाद नाही. पण या वेळी ‘माघार’ रकाना घेऊन तो सामना पाहिला आणि पंचाईत झाली. काड्या पडत होत्याच, फक्त गोबेरच्या नावावर नव्हत्या. त्या दिवशी बाहेरच्या बचावपटूंनी इतका दाब टाकला होता की डेन्व्हरचा बॉल रिंगपर्यंत पोचतच नव्हता. म्हणजे पहारेकरी रजेवर होता हे खरं, पण त्या रात्री चोर फाटकातूनच परत गेले. यावरून पहारेकऱ्याचा पगार कापायचा का? भाचा म्हणाला एका सामन्यावरून काहीच कापू नका. बरं.

पाचवा सामना उलटा. डेन्व्हरचा सेंटर योकिच यानं ४० गुण आणि १३ असिस्ट (बास्केट करून देणारे पास) केले, त्यातला मोठा भाग गोबेर समोर असताना. इथे रकान्याचा उपयोगच नाही, कारण योकिच रिंगजवळ येण्याआधीच, आठ-दहा फुटांवरून, एका पायावर उडून काम संपवतो. माघार घ्यायला आधी आत यावं लागतं ना.

म्हणून मिनेसोटाची खरी युक्ती बघण्यासारखी आहे. योकिचच्या अंगाला संघातले तेव्हाचे दुसरे उंच गडी, टाउन्स नाहीतर नाझ रीड, लावायचे आणि गोबेरला दुसऱ्या कुणावर ठेवून मागे मोकळा सोडायचा. तेव्हा योकिच वळला की त्याला एक नाही, दोन माणसं दिसतात. ही युक्ती टाउन्ससारखा दुसरा मोठा माणूस संघात असेल तरच चालते. सेंटरची किंमत करताना शेजारी कोण उभं आहे हे सोडून चालत नाही, हे मला इथे पहिल्यांदा नीट कळलं. चढाईतही तेच. फेब्रुवारी २०२३ मध्ये बॉल चालवणारा माइक कॉनली आला. युटात गोबेरसोबत तीन मोसम पिक-अँड-रोल खेळलेला: सेंटरनं बॉलवाल्याच्या बचावपटूची वाट अंगानं अडवायची (ती स्क्रीन), मग रिंगकडे धावायचं. बॉल त्याच्या हातात गेल्यावर गोबेरच्या स्क्रीनला अर्थ आला. त्याआधी बिचारा स्क्रीन लावून रिंगकडे धावायचा आणि हात वर करून नुसता उभा राहायचा, एसटीला हात दाखवणाऱ्यासारखा.

सातवा सामना मी तेव्हा थेट पाहिला होता. आपल्याकडे २० मे, सोमवार, पहाटे साडेपाच. ठाण्यात त्या दिवशी लोकसभेचं मतदान. मिनेसोटा ३८-५८ असं मागे पडलं तेव्हा टीव्ही बंद करून मतदानाला जावं असं ठरवत होतो. गेलो नाही म्हणून वाचलो: ९८-९०. त्याच सामन्यात चौथ्या क्वार्टरमध्ये शॉटक्लॉक (शॉट मारायची मुदत) संपत असताना गोबेरनं योकिचवर पाठमोरा वळून, मागे झुकत एक शॉट मारला, आणि तो गेला! असा शॉट त्याच्या हातून बघायची सवय नाही कुणाला. माझ्या वहीत त्याला रकाना नाही, समासात लिहून ठेवलाय.

त्यापुढच्या फेरीत गाठ पडलेल्या डॅलसबद्दल थोडंच लिहितो, पुन्हा बघवत नाही. दुसरा सामना, तीन सेकंद उरलेली, स्विच होऊन (बचावपटूंनी आपापली माणसं बदलून) गोबेर डॅलसच्या डॉन्चिचच्या समोर, बाहेर थ्रीच्या, म्हणजे तीन गुणांच्या शॉटच्या, रेषेवर. मागे सरकून थ्री. डॅलस १०९-१०८. लोक म्हणतात गोबेरला बाहेर ओढलं की तो संपला. मी तो शॉट भाच्यासोबत सहा वेळा पाहिला. गोबेर पडला नाही, घसरला नाही, हातही वर होता. ‘मामा, तिथे कोणीही असतं तरी हेच झालं असतं,’ असं भाचा म्हणतो. मला पूर्ण पटत नाही. चपळ गडी अर्धं पाऊल पुढे असता. हा मुद्दा आमच्यात मिटलेला नाही.

याच दुखण्याचं मूळ बघायला युटाचा १८ जून २०२१ चा सामना काढला. समोरच्या क्लिपर्स संघानं आपले पाचही खेळाडू थ्रीच्या रेषेबाहेर उभे केले. गोबेरच्या वाट्याला आला टेरन्स मान, तोही कोपऱ्यात. आता करायचं काय? रिंग राखली तर मान मोकळा, मानकडे गेलं तर रिंग उघडी. मान ३९ गुण मारून गेला, युटाची २५ गुणांची आघाडी वाहून गेली. त्या रात्रीपासून ‘गोबेर प्लेऑफमध्ये चालत नाही’ हे वाक्य रूढ झालं, आणि मीही ते उचललं होतं. या वेळी मात्र मी गोबेर सोडून त्याच्या पुढच्या चौघांकडे बघितलं. प्रत्येक वेळी बॉलवाला बाहेरच्या बचावाला सहज ओलांडून आत येतोय. एकाच माणसाला दोन्ही भोकं बुजवायला धावावं लागतंय. धरणाची भिंत फुटल्यावर शेवटच्या दरवाजावरच्या चौकीदाराला निलंबित करतात, त्यातलाच प्रकार.

आणि आता मावसभावाचा आवडता सामना. लेकर्सविरुद्ध, ३० एप्रिल २०२५, लॉस एंजलिस. आपल्याकडे एक मे, महाराष्ट्र दिनाची सुट्टी, सकाळी साडेसात, त्यामुळे चहा-पोह्यांसकट निवांत पाहिला होता. मिनेसोटानं त्या दिवशी ४७ थ्री मारले आणि ७ गेले. एवढं बोथट खेळून संघ हरतोच. जिंकला, १०३-९६, मालिका ४-१, कारण गोबेरचे २७ गुण आणि २४ रिबाउंड. मावसभावाचा त्या दिवशीचा फोन अजून कानात आहे, ‘दादा, मसाला कसा आहे?’

पुन्हा पाहिल्यावर मात्र माझा हिशेब थोडा कोरडा निघाला. अँथनी डेव्हिसला फेब्रुवारीत डॅलसला धाडल्यावर लेकर्सकडे भरवशाचा सेंटर असा उरलाच नव्हता. समोर चार-सहा इंचांनी बुटकी माणसं, आणि मिनेसोटाचे इतके थ्री हुकतायत म्हटल्यावर रिबाउंडचा तर पाऊसच. त्याचं श्रेय काढून घेत नाही. त्याच मालिकेतल्या आधीच्या चार सामन्यांत बराच वेळ तेच बुटके समोर होते आणि तो गुणफलकावर जवळजवळ दिसलाही नव्हता. पाचव्यात दिसला. पण ‘माघार’ रकान्यात तो सामना साधारणच आहे. ज्या दिवशी त्याचे आकडे डोळे दिपवतात तो दिवस माझ्या वहीत मोठा नसतो. मोठे दिवस २०२३-२४ च्या हिवाळ्यातले आहेत, कुणाला आठवत नसलेले मंगळवार-बुधवार. त्या मोसमात संघाचा बचाव लीगमध्ये पहिला आला आणि ५६ सामने जिंकले.

पैशाचं पान शेवटी भरलं, कारण ‘किंमत’ म्हटल्यावर तेही हवंच. २०२४-२५ मध्ये त्याचा पगार सुमारे ४ कोटी ३८ लाख डॉलर, म्हणजे संघाच्या पगारमर्यादेच्या ३१ टक्के. एवढ्या पैशात कोपऱ्यातून थ्री न मारणारा, फ्री थ्रोला धाकधूक लावणारा माणूस, हे मला तेव्हाही जास्त वाटायचं, आजही वाटतं. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यानं जुन्या करारातला पुढच्या वर्षाच्या मोठ्या पगाराचा पर्याय सोडून तीन वर्षांचा ११ कोटी डॉलरचा करार घेतला. २०२५-२६ च्या मोसमात त्याला साडेतीन कोटी ठरले आणि मर्यादा १५ कोटी ४६ लाखांवर गेली, म्हणजे साडेबावीस टक्के. या भावात तक्रार नाही. या महिन्यात वहीच्या पहिल्या पानावरच्या ‘बारा आण्याचा’ वर मी पेन्सिलीनं ‘नऊ’ लिहिलं. खोडलं नाही, वर लिहिलं. केसलरनं युटात किती स्वस्तात किती ब्लॉक केले ते आठवतं तोवर नऊच्या खाली उतरणार नाही.

मावसभावाला फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं: ‘नऊ आणे? २०२४ आणि २०२५, लागोपाठ दोन वर्षं कॉन्फरन्स फायनल, आणि नऊ आणे?’ मी लिहिलं, दोन्ही वेळा ४-१ नं हरलात. दोन दिवस उत्तर नाही.

पुढचं काम: स्क्रीनचा रकाना वाढवायचा आहे, पण नियम ठरत नाहीये. गोबेरच्या स्क्रीनमुळे शॉट मोकळा मिळाला आणि हुकला तर काडी द्यायची की नाही? भाचा द्या म्हणतो, अर्थात स्वतः सेंटर असल्यामुळे. तुमच्यापैकी कोणी स्क्रीन मोजत असेल तर कसं मोजता ते कळवा.

२०२५-२६ च्या मोसमातला मिनेसोटाचा पहिला सामना पोर्टलंडला होता, आपल्याकडे २३ ऑक्टोबर २०२५ ची सकाळ. भाऊबीज. मी तसाही ताईकडे जाणारच होतो, भाचा तिथेच, दोन्ही वह्या तिथेच. ताईनं अट घातली होती की आधी पाटावर बसायचं, ओवाळून घ्यायचं, मग टीव्ही. साडेसातच्या आत आटप म्हणून सांगितलं होतं तिला.