आमची वाटचाल: नर्सरीवाल्याचा कचरेवाला कसा झाला

खरं सांगायचं तर कचऱ्याच्या धंद्यात यायचं आमचं काही ठरलं नव्हतं. सूसला छोटी नर्सरी होती, गुलाब, जास्वंद, कढीपत्ता आणि सोसायट्यांच्या लॉनची कामं, एवढंच. २०१७ च्या उन्हाळ्यात फुरसुंगीच्या कचरा डेपोला आग लागली, गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या (आणि बरोबरच होतं त्यांचं, वर्षानुवर्षं अख्ख्या पुण्याची घाण त्यांच्या दारात, कोण सहन करेल) आणि इकडे शहरात कंटेनर ओसंडून वाहायला लागले. त्याच दिवसांत बाणेरच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी काका स्कूटरवर गोणी घेऊन आले, म्हणाले आमच्या मशीनचं खत आहे, विकत घेणार का.

गोणीत तपकिरी कोरडी भुकटी, वास करपलेल्या भाजीसारखा. मी मूठभर एका कुंडीत टाकलं, पाणी घातलं आणि विसरलो. तिसऱ्या दिवशी कुंडीवर पांढरी बुरशी आणि आंबूस वास असा की गिऱ्हाईक नाक मुरडून पुढे जातंय. ते खत नव्हतंच हो. मशीन २४ तासात कचरा दळून वाळवत होतं, कुजवत नव्हतं, आणि वाळवलेला कचरा भिजला की परत कचराच. काकांना सांगितलं तर म्हणाले, मग तुम्हीच करून दाखवा.

झालं. २०१६ चे घनकचऱ्याचे नियम आलेले होतेच, रोज १०० किलोच्या वर कचरा होतो त्या सोसायट्यांनी ओला कचरा आपल्याच आवारात जिरवायचा, त्यामुळे गरज सगळ्यांना होती पण पार्किंगमधलं मशीन बंद आणि वर ताडपत्री हेच चित्र जिकडे तिकडे. आम्ही मशीन बाजूला ठेवलं आणि विटांचे जाळीदार हौद बांधले. २२० फ्लॅट, रोजचा साधारण ११० किलो ओला कचरा. मला वाटलं आपण नर्सरीवाले, खत म्हणजे आपल्याला काय नवीन.

पहिल्याच पावसाळ्यात नाक कापलं गेलं! हौदात वरून भाजी, भात, आंब्याच्या साली पडत राहिल्या, हवा कुठून जाणार, खालून काळं पाणी सुटलं. मग अळ्या. त्या ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या, तशा निरुपद्रवी, उलट कचरा फस्त करतात, पण मोठ्या झाल्या की कोरडी जागा शोधत बाहेर निघतात आणि आमच्या अळ्यांना कोरडी जागा सापडली ती चेअरमन साहेबांच्या गाडीखाली. सोसायटीच्या वार्षिक सभेत माझी जी काय पूजा बांधली ती इथे लिहीत नाही, पण तीन महिन्यांचं पेमेंट अडकलं ते अडकलंच.

चूक साधी होती. ओल्या कचऱ्यात पाणी आणि नायट्रोजन भरपूर, कार्बन कमी, म्हणजे प्रत्येक थरावर सुका पाला हवाच, आणि नेमका तोच माळीदादा जानेवारी ते मार्च झाडून कोपऱ्यात पेटवून द्यायचे. आता आम्ही तेव्हाच गोण्या भरून ठेवतो, पावसाळ्यात पाला सोन्याच्या भावाचा, कमी पडला तर वखारीतून लाकडाचा भुसा. ओल किती पाहिजे ते हौदांवर काम करणाऱ्या आमच्या मावशी मूठ दाबून बघतात, बोटांतून एखाद-दुसरा थेंब आला तर बरोबर, धार लागली तर पाला टाका, मूठ उघडल्यावर भुगाच झाला तर पाणी मारा. मी हौसेने थर्मामीटर आणला होता, ६० डिग्री वगैरे दिसलं की फोटो काढायचो, मावशी म्हणायच्या हात घालून चटका बसला की कळतं की, त्याला काडी कशाला.

मावशी आधी रस्त्यावर कचरा वेचायच्या. त्यांच्याकडे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीचं ओळखपत्र आहे, ती युनियन १९९३ ची, म्हणजे आमच्या फर्मपेक्षा फारच जुनी. सुक्या कचऱ्याला आम्ही हात लावत नाही, तो स्वच्छ संस्थेच्या ताई नेतात, ती कचरावेचकांचीच सहकारी संस्था आणि भंगाराचे पैसे हा त्यांच्या कमाईचा भाग, त्यात आपण घुसायचं नाही हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं.

आज अकरा सोसायट्या आहेत, माणसं नऊ, हिशेब बायको बघते. खत विकून पैसा मिळतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, १०० किलो कचऱ्याचं वीस-पंचवीस किलो खत होतं आणि ते सोसायटीच्याच बागेत संपतं, आमचं पोट चालतं ते महिन्याच्या सर्व्हिस चार्जवर, तो पण वेळेवर आला तर. चेअरमन साहेब आता पाल्याची गोणी मागायला स्वतः फोन करतात, गाडी मात्र दुसऱ्या टोकाला लावतात.

परवा ओल्याच्या डब्यात डायपर निघायला लागले. मावशी म्हणाल्या, बी विंगमध्ये बाळ आलंय. ग्रुपवर मेसेज टाकतो म्हटलं तर नको म्हणाल्या, जुने पेपर आणि लाल पेन घेऊन स्वतःच वर गेल्या, पेपरात गुंडाळायचं आणि वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे उचलणाऱ्याला न उघडता कळतं. अर्ध्या तासाने खाली आल्या. हातात बारशाचे पेढे.