रतनवाडीचा रेंजचा दगड

15 सप्टेंबरला पीएफचं चलन भरलं आणि 16ला पहाटे पाचला भांडुपहून गाडी काढली. पगाराचं काम बघणाऱ्या माणसाला रजेला फट एवढीच, 15 नंतर आणि 22च्या आत. त्यात पितृपक्ष. शेजारच्या काकूंनी नाक मुरडलं, पण अण्णा (माझे सासरे, बेस्टमधून निवृत्त झालेले कंडक्टर) म्हणाले, "पितरं काही गाडीला आडवी येत नाहीत. उलट गर्दी नसेल." नव्हतीच. मंगळवार ते गुरुवार, तीन दिवस, आणि भंडारदरा धरणाकाठची अर्धी हॉटेलं रिकामी.

ठरवलं होतं एकच, कामाचा फोन घ्यायचा नाही. गेल्या वर्षी अलिबागला असाच निश्चय केला होता आणि समुद्रात गुडघाभर उभी राहून कुणाच्या तरी रजा-रोखीकरणाचा हिशेब सांगत होते. म्हणून या वेळी जागाच अशी निवडली की घ्यायचा म्हटला तरी फोन लागू नये. भंडारदरा धरणाच्या मागच्या अंगाला, रतनगडाच्या पायथ्याशी असलेली रतनवाडी.

रस्त्याचं आधी सांगते. माजिवडा ते वडपे हा पट्टा उजाडायच्या आत पार करा, नाहीतर भिवंडीच्या गोदामांकडे जाणाऱ्या ट्रकांमागे दीड तास जातो. पुढे दोन पर्याय आहेत. आमण्याहून समृद्धीवर चढलात तर 76 किलोमीटरमध्ये थेट इगतपुरी, मधे लांबलचक बोगदा, घाट म्हणून कळतच नाही. आम्ही मुद्दाम जुन्या कसारा घाटाने गेलो. लेकीला धबधबे बघायचे होते आणि अण्णांना नवऱ्याच्या गिअर टाकण्यावर टीका करायची होती. दोघांचंही समाधान झालं. घाट चढून घाटनदेवीला नमस्कार केला आणि चहा घेतला. घोटीला महामार्ग सोडून उजवीकडे वळलो. तिथून बारी गावापर्यंत उजव्या हाताला कळसूबाई, 1646 मीटरची. असायला हवी होती, म्हणजे. आम्हाला तिच्या जागी फक्त ढग दिसला.

घोटीला दोन कामं विसरू नका. टाकी फुल्ल करा आणि रोख पैसे काढा. आम्ही पहिलं केलं, दुसरं नाही. शेंडी गावाच्या पुढे वनखात्याचा नाका लागतो. सगळा परिसर 1986पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे, त्यामुळे माणशी आणि गाडीमागे पैसे भरावे लागतात. मी ऐटीत फोन काढला, कोड स्कॅन केला आणि ते चाक फिरत राहिलं. नवऱ्याच्या फोनवरही तेच. नाक्यावरचा पोरगा शांतपणे बघत होता, त्याला हे रोजचं असावं. मागच्या सीटवरून अण्णांनी चामडी पाकीट पुढे केलं. आत दहा-वीसच्या नोटांच्या घड्या, एका बाजूला नाणी, सगळं जिथल्या तिथे. निवृत्तीला 14 वर्षं झाली, पण माणूस सुट्ट्या पैशांशिवाय घराबाहेर पडत नाही. त्यांनी पैसे मोजून दिले, पावती घेतली आणि तिचा कोपरा फाडून परत आम्हालाच दिली. सवय! पुढचे तीन दिवस आम्ही चौघं त्या पाकिटावर जगलो. तिसऱ्या दिवशी शेंडीतल्या एका किराणावाल्याने ऑनलाइन पैसे घेऊन रोख दिली, म्हणून घरमालकांचा हिशेब फिटला.

आमचा मुक्काम एका महादेव कोळी कुटुंबाच्या घरी होता. सारवलेली ओसरी, मागे भातखाचरं. जेवायला नाचणीची भाकरी, ठेचा, पिठलं आणि खुरासणीची चटणी. भात म्हणाल तर नुसता मीठ टाकून खावा असा. याच अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणं जपलं, त्यासाठी त्यांना 2020ची पद्मश्री मिळाली. घरच्या मावशींना त्याचं केवढं अप्रूप, जणू सख्ख्या बहिणीला मिळाली आहे.

पहिला दिवस माझा वाया गेला. हे लिहायला हवं, कारण "रेंज नाही म्हटल्यावर कसं शांत वाटतं" असं जो सांगतो तो पहिल्या दिवसाबद्दल बोलत नसतो. माझा हात दर पाच-दहा मिनिटांनी ओढणीखाली फोन चाचपत होता. फोन गाडीत होता. तरी मांडीशी थरथरल्यासारखं व्हायचं. अमृतेश्वराच्या देवळात गेलो. काळ्या दगडावर एक बोट जागा कोरीवकामावाचून सुटलेली नाही आणि पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरून पिंड पाण्याखाली जाते. लेक वाकून पाण्यातली पिंड शोधत होती आणि मी मनात बघत होते, ऑगस्टला रुजू झालेल्या तिघांची बँक खाती सहकाऱ्याला दिली की नाही.

शेवटी संध्याकाळी मावशींना विचारलंच, "रेंज कुठेच येत नाही का हो?"

"येती ना. त्या बांधाच्या वर काळा दगड हाये, त्याच्यावं उभं ऱ्हायचं. तोंड धरणाकडं करायचं."

गेले. दगडावर आधीच तिघं जण. एक आजोबा गॅसच्या टाकीचा नंबर लावत होते. एक मुलगी शिष्यवृत्तीच्या अर्जाचा ओटीपी यायची वाट बघत होती, आणि तो यायच्या आत मुदत संपत होती. मी रेंज टाळायला पावणेदोनशे किलोमीटर आले होते, हे काही मी तिथे बोलले नाही. माझी पाळी आली. दोन काड्या लागल्या आणि एकच मेसेज आला: सोसायटीच्या ग्रुपवर, पाण्याची टाकी धुणार असल्याचा.

तिसरा होता पंचविशीचा एक मुलगा. सिन्नरला कारखान्यात दोन वर्षं होता, काम सोडून भातशेतीला परतलेला. त्याच्या फोनवर जो पिवळा-निळा पडदा दिसत होता तो मी झोपेतही ओळखते. पीएफ अडकला होता. आठ महिने झाले, अर्ज दोनदा परत आलेला.

मी विचारायला नको होतं. विचारलं.

काम सोडल्याची तारीखच नोंदलेली नव्हती. कंपनीने भरली नाही तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी आपली आपण भरता येते, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तारीख भरली. मग पीएफ काढायचा फॉर्म 19, मग पेन्शनच्या पैशांचा 10सी. प्रत्येक ओटीपीला तो फोन डोक्यावर धरून टाचा उंचवायचा आणि मी अंधारात आकडे वाचायचे. तासभर लागला. खाली नवरा टॉर्च घेऊन शोधायला आलेला. "सुट्टीत?" एवढंच म्हणाला.

त्या रात्री झोप मात्र छान लागली. दुसऱ्या दिवशी फोन गाडीतच राहिला आणि मला त्याची आठवण थेट दुपारी आली, तीही घाटघरच्या कोकणकड्यावर फोटो काढायला.

हा दुसरा दिवस धरणाला वळसा घालायला ठेवा. रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत आणि पुन्हा शेंडी. घाई केलीत तर फक्त खड्डे दिसतील. सप्टेंबरच्या मध्यावर सोनकी फुलायला लागते, बांधच्या बांध पिवळे होतात. त्यात तेरड्याचा गुलाबी. घाटघरला धुकं वीस मिनिटं फाटलं आणि अलंग, मदन, कुलंग हे किल्ले ओळीने दिसले. मग पुन्हा पडदा. इथेच घाटघरचा 250 मेगावॅटचा जलविद्युत प्रकल्प आहे. विजेची मागणी वाढली की वरचं पाणी कोकणात सोडून वीज करायची आणि मागणी उतरली की तेच पाणी पंपाने परत वर चढवायचं. दमून खाली गेलेल्याला वर आणून पुन्हा कामाला जुंपायचं. आमच्या ऑफिसात याला रजा म्हणतात.

साम्रदची सांदण दरी या दिवसांत फक्त तोंडापाशी उभं राहून बघा. आत पाणी असतं आणि वर ढग फुटला तर बाहेर यायला वाट नाही. कुणी वाटाड्या "चला, काही होत नाही" म्हणाला तरी नाही म्हणा. दरीत उतरायचं तर डिसेंबरनंतर या. रतनगडाच्या शिड्याही ओल्या असतात, आम्ही अण्णांमुळे तो बेत सोडला. काजव्यांसाठी मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत लोक येतात, पण तेव्हा शनिवारी रात्री शेंडीत काजव्यांपेक्षा हेडलाईट जास्त असतात. शांतता हवी असेल तर तो काळ टाळा.

परतताना विल्सन धरणाखाली, म्हणजे भंडारदऱ्याच्याच धरणाखाली, थांबलो. 1926 साली पुरं झालेलं हे दगडी धरण अजून प्रवरा अडवून आहे. पाणी सोडलेलं असलं की खडकावरून छत्रीसारखं पसरतं. नशिबाने सोडलेलं होतं, आणि लेकीने अण्णांना तिथे चिंब भिजवलं.

ऑफिसची व्यवस्था कशी केली, तेही सांगते. रजेआधी अडणारी पाच कामं कागदावर लिहून एकाच सहकाऱ्याला दिली. मेलच्या आपोआप उत्तरात "तातडीचं असल्यास फोन करा" हे वाक्य घातलंच नाही, कारण ते असलं की सगळंच तातडीचं होतं. घरमालकांचा नंबर फक्त आईला दिला होता. त्यांचा फोनही दगडावरच लागतो, हे तिला सांगितलं नव्हतं.

निघायच्या सकाळी तो मुलगा ओसरीवर आला. हातात पिशवी, पाचेक किलो घरचा तांदूळ. मी नको नको म्हणत होते. अण्णांनी पिशवी घेतली, पाकीट उघडून त्याला वीसची नोट देऊ लागले, मग थबकले आणि पाकिटात कोपरा फाडलेली ती नाक्याची पावती सापडली ती लेकीच्या हातात दिली. पावतीच्या मागे त्यांनी मुलाचं नाव लिहून घेतलं. "पैसे जमा झाले की कळव म्हणावं," मला म्हणाले. "नंबर तू दे. तुझा."

दिला.