तुम्ही विचारलंत म्हणून: सायरन घरी कशाला?

गणपतीत, पाडव्याला, कुणाच्या मुंजीत इथली मराठी मंडळी भेटली आणि आमच्या गॅरेजचा, म्हणजे तिथे मी दुरुस्त करतो त्या आगीच्या बंबांच्या जुन्या सायरनांचा, विषय निघाला की प्रश्न ठरलेला. मागच्या महिन्यात पुण्याहून आलेल्या एका काकूंनी तो सरळच विचारला, "अहो, ॲम्ब्युलन्स नुसती ऐकली तरी छातीत धस्स होतं. तुम्ही ते हौसेनं घरात कसं आणता?"

काकू, आम्ही शिकागोजवळ राहतो. काही वर्षांपूर्वी ऐन थंडीत शेजारच्या घराला आग लागली. माणसं सगळी बाहेर पडली होती, पण घर डोळ्यांदेखत पेटत होतं. शेजारच्या आजींच्या अंगावर माझा कोट टाकून मी बर्फात उभा होतो आणि त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. मग लांबून एक खर्ज ऐकू आला. चढत गेला, उतरला, पुन्हा चढला. बंब दिसतही नव्हता, तरी आजींची पकड सैल झाली. तेव्हापासून तो आवाज मला अभद्र वाटत नाही. संकट आधीच येऊन बसलेलं असतं. सायरन वाजतो तेव्हा कुणीतरी मदतीला निघालेलं असतं.

शिवाय तो ओळखीचा वाटला. लहानपणी आमच्या गावात सकाळी नऊला नगरपालिकेचा भोंगा व्हायचा, त्यावर लोक घड्याळं लावायचे. तोही असाच खालून वर चढायचा.

बंबाच्या तोंडावर बसवलेलं क्रोमचं ते धूड म्हणजे फेडरल कंपनीचा 'क्यू' सायरन. त्यात स्पीकर नाही. मोटरवर खाचांचं एक चाक आणि त्याभोवती तशाच खाचांचं स्थिर कडं. चाक समोरून हवा ओढतं आणि कडेनं फेकतं. खाचेसमोर खाच आली की झोत सुटतो, सरकली की तुटतो. समजा दहा खाचा आहेत आणि सेकंदाला ऐंशी फेरे, तर आठशे झोत, म्हणजे आठशे हर्ट्झचा स्वर. वेग वाढेल तसा स्वर चढतो. अशा यंत्राला 'सायरन' हे नाव 1819 साली फ्रान्सच्या कान्यार द ला तूर यांनी दिलं. त्यांचं यंत्र पाण्याखालीही वाजायचं.

माझा पहिला क्यू जुन्या बंबांच्या मेळाव्यात मिळाला. बेअरिंग घट्ट झालेली, मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बन ब्रश झिजून नखाएवढे उरलेले, ते ज्यावर घासतात तो तांब्याचा कम्युटेटर काळाकुट्ट. ते सगळं महिनाभरात निस्तरलं. अडकलो वायरिंगपाशी. मोटर फिरायची, पण सूर अर्ध्यावर येऊन अडायचा, नुसतं कण्हणं. नवी बॅटरी लावली, रिले (बटण दाबल्यावर मोठा करंट जोडणारा स्विच) बदलला, तरी तेच. शेवटी हात लागला तो सायरनच्या बैठकीच्या बोल्टला, आणि चटका बसला.

क्यू 12 व्होल्टवर जवळपास 100 अँपिअर ओढतो, सुरू होताना त्याहूनही बराच जास्त. गाडीचा एक हेडलाइट जेमतेम पाच घेतो. एवढ्या करंटला सांध्यातला ओहमच्या शंभराव्या हिश्शाचा रोधदेखील महाग पडतो: एक व्होल्ट तिथेच खर्च, आणि त्या एका सांध्यावर 100 वॉटची उष्णता. मी बैठकीला हौसेनं लाल रंग दिला होता आणि अर्थिंग, म्हणजे करंटची बॅटरीकडे परतीची वाट, त्या रंगावरूनच घेतलं होतं. मोटरची बॉडी आणि बॅटरीची निगेटिव्ह यांच्यात मल्टिमीटर धरला, तर सायरन चालू असताना दोन व्होल्टच्या आसपास दिसले. बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरनं खरवडून पत्रा पांढरा केला, दातेरी वॉशर टाकला, आणि बॅटरीपर्यंत बोटाएवढ्या जाडीची स्वतंत्र केबल नेली. म्हणून माझं मत पक्कं झालंय: जाण्याच्या वायरीवर सगळे पैसे खर्च करतात, परतीच्या वायरीचा विचार कुणी करत नाही, आणि निम्मे जुने सायरन तिथेच अडलेले असतात.

रस्त्यावर मी वाजवत नाही. खासगी गाडीला इथे ती मुभा नाही, आणि नसावीच. उगाच बाजूला व्हावं लागून लोकांची वाट द्यायची सवयच मोडली, तर खरा बंब अडकेल. वाजवायचा तो मेळाव्यात, नाहीतर चार जुलैच्या मिरवणुकीत. गॅरेजमध्ये चाचणी घ्यायची तर शेजाऱ्यांना आधी सांगून, कानांवर जाड मफ लावून, कारण दहा फुटांवर आवाज 123 डेसिबल भरतो.

पण मला खरा आवडतो तो बटण सोडल्यानंतरचा आवाज. चाक स्वतःच्या वजनावर फिरत राहतं आणि सूर सावकाश खाली उतरतो. पहिल्यांदा माझा क्यू वीस सेकंदांत गप्प झाला होता. नवी बेअरिंग घातल्यावर मिनिटभर उतरत राहिला. चाक कुठे थांबतं तेही पाहावं लागतं. दर वेळी एकच बाजू खाली येऊन थांबली, तर ती बाजू जड आहे. मी कडेला खडूची एक रेघ ओढून ठेवली होती. त्या दुपारी तीनदा वाजवला. रेघ एकदा वर थांबली, एकदा डावीकडे, एकदा खाली.